सेलूच्या घरात खर्ज उतरवताना

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की वाटेत सेलू लागतं. तिथून उत्तरेला हिंगणीमार्गे बोर धरणावर जाता येतं, आणि धरणाभोवतीच्या जंगलाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभाक्षेत्र अवघं १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत बोरची गणना होते. इथल्या वाघाची डरकाळी आपल्याला जेवढी ऐकू येते तेवढीच नसते. एलिझाबेथ फॉन मुग्गेनथालर या अमेरिकन संशोधिकेने बंदिस्त वाघांचे आवाज मुद्रित करून २००० साली जो अभ्यास मांडला, त्यात डरकाळीचा काही भाग १८ हर्ट्झपर्यंत खाली उतरलेला दिसला. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपर्यंतच स्वर ओळखतो. त्याखालचा आवाज छातीला आणि पोटाला कळतो.

सिनेमातला भूकंप, कोसळणारा पूल यांचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, याच पट्ट्याच्या आसपास राहतो. सेलूसारख्या गावातल्या घरात, बारा बाय पंधराच्या खोलीत हा आवाज खरोखर उभा करता येतो. त्यासाठी मोठा वूफर विकत आणून कोपऱ्यात ठेवला की झालं, असं मात्र होत नाही. स्पीकर, त्याची पेटी आणि घराची खोली या तिघांचं जमावं लागतं, आणि विदर्भातली खोली या हिशेबात पुस्तकातल्या खोलीपेक्षा बरीच वेगळी आहे.

आधी कानाचा स्वभाव पाहू. १००० हर्ट्झचा स्वर २ ते ३ डेसिबललाही ऐकू येतो. २० हर्ट्झचा स्वर नुसता जाणवायलाच ७८ डेसिबलच्या आसपास जोर लागतो. म्हणजे खर्जाची सुरुवातच तिथून होते जिथे बाकीचा आवाज मोठा वाटू लागलेला असतो. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी युनिव्हर्सल स्टुडिओने सेन्सराउंड नावाची व्यवस्था आणली, तेव्हा थिएटरांत मोठमोठ्या पेट्या वेगळ्या बसवाव्या लागल्या त्या याचमुळे. पुढे १९८७ साली टॉमलिन्सन होल्मन यांनी ‘५.१’ ही संज्ञा सुचवली. त्यातला ‘.१’ म्हणजे फक्त खर्जासाठी राखलेली वाट. १२० हर्ट्झच्या वरचं तिच्यात काही नसतं, आणि इतर वाटांपेक्षा तिला १० डेसिबल जास्त जागा दिलेली असते. घरातला वूफर मुख्यतः या वाटेचं ओझं वाहतो.

हे ओझं केवढं, ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. आवाज म्हणजे हवेचा दाब, आणि दाब निर्माण करायला हवा ढकलावी लागते. मोकळ्या अंगणात जमिनीवर पेटी ठेवली आणि १ मीटरवर २० हर्ट्झला १०५ डेसिबल हवे असले, तर स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याने, म्हणजे कोनने, मधल्या जागेपासून एका बाजूला सुमारे १.७ लिटर हवा सारली पाहिजे, आणि तीही सेकंदाला वीस वेळा. १२ इंची स्पीकरच्या कोनचं उपयोगी क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर असतं. म्हणजे तो कोन एका दिशेला ३३ मिलिमीटर बाहेर यायला हवा. चांगले १२ इंची वूफर १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत नीट चालतात, त्यापुढे आवाज फाटतो. तोच जोर ४० हर्ट्झला हवा असेल तर हवा चौथा हिस्सा लागते आणि कोनला ८ मिलिमीटर पुरतात. खर्ज एक सप्तक खाली न्यायचा म्हणजे चौपट हवा हलवायची. १८ इंची कोनचं क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटरच्या घरात असतं, त्याचं काम १४ मिलिमीटरमध्ये भागतं. खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यापेक्षा कोनचं क्षेत्रफळ आणि त्याची चाल या दोन गोष्टी मी आधी बघतो, आणि दुकानदाराला आधी याच विचाराव्यात.

आता पेटी कशाला? कोन पुढे सरकला की पुढे हवा दाटते आणि मागे विरळ होते. खर्जाच्या लाटा लांबलचक असतात, २० हर्ट्झची लाट १७ मीटर. ती सहज वळसा घालून मागच्या विरळ हवेत मिसळते, आणि दोन्ही मिळून शून्याच्या जवळ जातात. विदर्भात हे समजावायला खंजिरी आणि डग्गा पुरे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाने घराघरांत पोचलेली खंजिरी मागून उघडी असते. तिचं कातडं लहान आणि ताणलेलं असतं हे खरंच, पण मागची बाजू मोकळी असल्यानेही तिच्यात खर्ज उरत नाही. डग्ग्याचं भांडं खालून बंद असतं. कातड्याच्या मागची हवा आत कोंडलेली राहते, म्हणून त्याचा घुमार खोलीभर पसरतो. वूफरची पेटी हेच करते. मागचा आवाज एकतर कोंडते, नाहीतर उलटवून पुढच्याच्या मदतीला आणते.

ही दोन्ही कामं माणसाला उमगायला तीन दशकं लागली. कॉईल आणि कोनचा आजचा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. १९३२ साली बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरस यांना पेटीला भोक ठेवून मागचा आवाज कामाला लावण्याचं पेटंट मिळालं. तरी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागते अशीच समजूत होती. १९५४ साली एडगर विल्चर यांनी ती मोडली. त्यांनी कोनची स्वतःची पकड मुद्दाम ढिली ठेवली आणि लहानशा बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. कागद-कापडाच्या स्प्रिंगपेक्षा हवेची स्प्रिंग कितीतरी सरळ वागते, म्हणून आवाज लहान पेटीतूनही स्वच्छ आला. विल्चर यांच्या कंपनीतून फुटून निघालेल्यांपैकी अँटन हॉफमन यांच्या नावावर पुढे एक नियम जमा झाला. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. आकड्यांत सांगायचं तर त्याच कार्यक्षमतेने ४० वरून २० हर्ट्झला उतरायचं असेल तर पेटी आठपट मोठी करावी लागते.

खर्जाचं गणित टेबलावर मांडता येण्याजोगं केलं ते ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिएल यांनी. त्यांचा निबंध १९६१ साली तिथल्या एका नियतकालिकात आला आणि दहा वर्षं जवळजवळ दुर्लक्षित राहिला. १९७१ साली अमेरिकेत तो पुन्हा छापला गेला, आणि सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी तो पुढे नेला. आज कुठल्याही वूफरच्या कागदावर जे आकडे छापून येतात त्यांना थिएल-स्मॉल आकडे म्हणतात, ते यांच्यामुळे. त्याआधी पेटी बनवणं म्हणजे कापून बघायचं, ऐकायचं आणि परत कापायचं.

हॉफमनच्या नियमाला धरूनच मला डीजेच्या स्पीकरबद्दल सांगायचं आहे, कारण आपल्याकडे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात. लग्नाच्या वरातीत, गणपतीत जे १८ इंची स्पीकर छाती दणाणून सोडतात ते पाहून घरासाठीही तसाच आणावा असं वाटतं. पण ते मैदानासाठी घडवलेले असतात. कोन हलका, पकड कडक, १ वॅटला ९६ ते ९८ डेसिबल आवाज, आणि स्वतःचा कंप ३५ ते ४० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे त्यांनी मोठा आवाज घेतला आणि खोल खर्ज सोडला. घरच्या वूफरचा कोन जड असतो, त्याचा कंप २० ते २५ हर्ट्झला असतो आणि १ वॅटला तो ८५ ते ८८ डेसिबलवरच थांबतो. त्याला दहापट वीज लागते, पण तो तळाला जातो. नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात गेलात तर गाडीत बसवायचे १० आणि १२ इंची वूफर सहज मिळतात. त्यातले बरेचसे घरच्या बंद पेटीत चांगले चालतात. फक्त त्यांना बहुधा दोन कॉईल असतात, ४ आणि ४ ओहमच्या. घरचे बरेच अँप्लिफायर ४ ओहमच्या खाली नीट काम करत नाहीत, म्हणून दोन्ही कॉईल एकामागे एक जोडून ८ ओहम करावेत. असे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि अँप्लिफायर सुखात राहतो.

कागदावरचे तीन आकडे वाचता आले तरी पेटी ठरते. पहिला स्पीकरचा स्वतःचा कंप, दुसरा त्याचा एकूण ‘क्यू’, म्हणजे कोन किती लवकर आवरला जातो त्याचं माप, आणि तिसरा त्याच्या पकडीएवढी मऊ असणारी हवा किती लिटर. समजा कंप २४ हर्ट्झ, क्यू ०.४५ आणि हवा ७० लिटर आहे. बंद पेटीत क्यू ०.७ च्या आसपास आणायचा असतो, तेव्हा आवाज ना कोरडा राहतो ना गुरगुरतो. हिशेब केला तर पेटी ४८ लिटरची येते, म्हणजे आतून प्रत्येक बाजू ३६ सेंटिमीटर, अधिक स्पीकरच्या मागच्या भागासाठी दोन-तीन लिटर. अशा पेटीत कंप चढून ३८ हर्ट्झ होतो आणि त्याखाली आवाज हळूहळू, सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो. २० हर्ट्झला तो साडेअकरा डेसिबल खाली असतो. हे कमी वाटेल, पण खोली त्यातलं बरंच भरून देते.

क्यू ०.३ ते ०.४ असला तर भोकाच्या पेटीचा विचार करावा. त्यासाठी लागणारा नळ सेलूत शोधावा लागत नाही, शेतीच्या पाइपांच्या दुकानात ११० आणि १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कापून मिळतो. १०० लिटरची पेटी २२ हर्ट्झला सुरात आणायची तर ११० चा पाइप, जो आतून साधारण १०० मिलिमीटर असतो, ४१ सेंटिमीटर लागतो. पण स्फोटाच्या प्रसंगात एवढ्या अरुंद नळातून हवा इतक्या वेगाने धावते की फुसफुस ऐकू येते. रुंद पाइप घेतला, आतून १५० मिलिमीटरचा, तर वेग निम्म्याहून कमी होतो, मात्र लांबी जवळजवळ १ मीटर करावी लागते आणि ती पेटीत वळवून बसवावी लागते. नळ जिथे सुरात असतो तिथे कोन जवळपास स्थिर राहतो आणि हवा नळच हलवतो, ही या पेटीची खरी गंमत. त्या सुराच्या खाली मात्र कोनला मागून आधारच उरत नाही आणि तो वेडावाकडा धावतो. म्हणून अँप्लिफायरमध्ये त्या खालच्या आवाजाला अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे. तो नसेल तर ही पेटी करू नये.

बंद आणि नळाची यांतली कुठली पेटी निवडायची, हे खोली ठरवते. इंग्रजी पुस्तकांतल्या अमेरिकन घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात, त्यांतून खर्ज झिरपून जातो. आपल्याकडे ९ इंची विटेची भिंत, वर प्लास्टर, डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब. खर्ज आत अडकतो आणि समोरासमोरच्या भिंतींत उभा राहतो. १५ फुटांच्या लांबीत ३७ हर्ट्झ, १२ फुटांच्या रुंदीत ४७ आणि १० फुटांच्या उंचीत ५६ हर्ट्झ. या तीन सुरांवर खोली घुमते, आणि मधल्या खुर्चीवर त्यातले काही सूर साफ नाहीसे होतात. ३७ च्या खाली लाटेला मावायला जागाच नसते, तिथे सगळी खोली एकदम दाबली जाते आणि बंद पेटीचा उतरता आवाज उचलून धरते. विटा-स्लॅबच्या घराची ही फार मोठी देणगी आहे.

उन्हाळ्यात ही देणगी निघून जाते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना खिडकीत कूलर लागतो, आणि कूलरला समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोली दमट होते. उघड्या दाराने खोली दाबलीच जात नाही. डिसेंबरात घर हलवणारी बंद पेटी मेमध्ये निम्मी वाटते ती यामुळे. त्यात आणखी एक बदल होतो. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो, १२ अंशांना सेकंदाला ३३८ मीटर आणि ४५ अंशांना ३५७ मीटर. त्यामुळे हिवाळ्यात ३७ हर्ट्झला घुमणारी खोली उन्हाळ्यात ३९ ला घुमते. जानेवारीत माइक लावून बसवलेला बारीक फिल्टर मेमध्ये शेजारच्याच सुरावर चालत असतो. ज्या घरात एसी आहे किंवा दारं बंद करून सिनेमा पाहिला जातो, तिथे मी बंद पेटीच सुचवेन, आणि एका मोठ्या पेटीऐवजी दोन. ज्यांचं बसणं मोकळ्या ओसरीला जोडलेल्या हॉलमध्ये आहे, त्यांनी नळाची मोठी पेटी करावी, कारण त्यांना खोलीची मदत बाराही महिने मिळायची नाही.

उन्हाचा स्पीकरवरही परिणाम होतो. वूफरला दिलेल्या विजेपैकी एक टक्काही आवाजात जात नाही, बाकी सगळी कॉईलमध्ये उष्णता होते. तांब्याची तार १०० अंशांनी तापली की तिचा विरोध ३९ टक्क्यांनी वाढतो आणि आवाज आपोआप बसतो. खोलीच ४५ अंशांवर असेल तर ही मर्यादा लवकर येते. म्हणून मोठा मॅग्नेट, जाड कॉईल आणि रबरी कडा असलेला स्पीकर घ्यावा. फोमची कडा दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते.

पेटीसाठी १८ मिलिमीटरचा चांगला प्लायवुड घ्यावा. एमडीएफ आवाजाला उत्तम आहे, कापायला सोपा आहे, पण पावसाळ्यात ओल लागली की कडेला फुगतो आणि एकदा फुगला की बसत नाही. पुढची फळी दोन थरांची, आतून आडव्या पट्ट्या, सगळ्या सांध्यांना सरस भरपूर. स्क्रू थेट लाकडात न घालता टी-नट ठोकावेत, कारण जड वूफर वर्षभरात लाकडातले स्क्रू सैल करतो. बंद पेटीत भरायला वर्धा जिल्ह्यात कापसाची वाण नाही. तंतूंमुळे दाबल्या जाणाऱ्या हवेतली उष्णता शोषली जाते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते. गणिताने ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, प्रत्यक्षात तिच्या निम्मीच्या आसपास मिळते. कापूस पिंजून, पोकळ भरावा आणि जाळीच्या कापडात बांधावा, नाहीतर तो दबून तळाला बसतो आणि कॉईलमागच्या छिद्रात शिरतो. किडीचा विचार केला तर रजईत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस जास्त टिकतो.

पेटी हवाबंद आहे की नाही ते बघायची रीत साधी आहे. स्पीकर बसवून झाल्यावर दोन्ही हातांची बोटं कोनच्या कडेकडे समान टेकवून तो हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. पेटी घट्ट असेल तर तो सावकाश परततो. झटकन उसळला तर कुठेतरी गळती आहे. मग २५ हर्ट्झचा स्वर हलका लावायचा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवायची. धुराची रेघ जिथे थरथरते तिथे सरस कमी पडलेला असतो. तारेच्या जोडणीच्या भोकापाशी ती हमखास थरथरते.

वूफर खोलीत कुठे ठेवायचा यासाठी टॉड वेल्टी यांनी २००२ साली मांडलेलं काम वाचण्यासारखं आहे. खोलीत किती वूफर पुरेत, हा त्यांचा प्रश्न होता. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला की त्या दिशेचे काही घुमारे एकमेकांना खोडतात आणि जवळपास सगळ्या खुर्च्यांना सारखा खर्ज मिळतो. एकच असेल तर तो आधी बसायच्या जागेवर ठेवावा, गाणं लावावं, आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरून जिथे खर्ज सारखा आणि भरीव वाटेल ती जागा पेटीला द्यावी. मुख्य स्पीकर आणि वूफर यांची सीमा ८० हर्ट्झला ठेवावी. त्याखाली आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून पेटी सोफ्यामागेही चालते. मग घर वाजू लागतं. लोखंडी कपाटाचं दार, मांडणीवरची भांडी, खिडकीची सैल काच यांना एकेक करून रबर लावावं लागतं.

शेजाऱ्याचा विचारही इथेच करायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी कानाच्या कलाने केलेली असते, तिच्यात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने आणि ३१ हर्ट्झचा ३९ डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर सगळं ठीक दिसत असताना सामाईक भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेला कंप जाणवत असतो. रात्री वूफर ६ डेसिबल उतरवावा आणि पेटीखाली जाड रबर द्यावं.

ज्यांचं घर स्वतःचं आहे आणि बांधकाम चालू आहे, त्यांच्यासाठी एक जुनी वाट अजून खुली आहे. इंग्लंडमधल्या व्हार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कोपऱ्यात विटांच्या पेट्या बांधून दाखवल्या होत्या. दोन भिंती आयत्या असतात. साडेचार इंची विटेची तिसरी बाजू उभारून आतून प्लास्टर केलं, पुढे प्लायची फळी लावली, की आतून दोन बाय दोन फूट आणि तीन फूट उंचीची ३४० लिटरची पेटी होते, आणि ती लाकडाच्या पेटीसारखी थरथरत नाही. गवंड्याला सांगून तारेची नळी आधीच टाकून घ्यावी. प्लास्टरचं पाणी पूर्ण सुकेपर्यंत, निदान दोन महिने, स्पीकर बसवू नये, नाहीतर ओलीने कोनची कागदी पाठ वाकते. आणि ही पेटी हलवता येत नाही, म्हणून कोपरा ठरवण्याआधी साधी लाकडी पेटी त्याच जागी ठेवून एकदा थंडीत दारं बंद करून आणि एकदा कूलरच्या दिवसांत दारं उघडी ठेवून ऐकून घ्यावं.